करबला एका दिवसात संपलं, मग शिया विचाराच्या मध्यभागी तेच कसं आलं?

पानगळ

सध्या इस्लामच्या पहिल्या शंभरेक वर्षांचा इतिहास वाचतेय आणि एका ठिकाणी गाडी अडलीये, म्हणून इथे विचारते. ६३२ मध्ये पैगंबर वारले, सकीफाच्या बैठकीत अबू बक्र खलिफा झाले, पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई अली यांचा हक्क डावलला गेला असं शियांचं म्हणणं, इथपर्यंत ठीक. मग ६५६ ला उस्मान यांची हत्या, अली खलिफा झाले, बसऱ्याजवळची उंटाची लढाई, ६५७ ला सीरियाचे गव्हर्नर मुआविया यांच्याशी सिफ्फीनची लढाई, ६६१ ला इराकमधल्या कूफा शहराच्या मशिदीत अलींवर वार. ही सरळसरळ यादवी होती, हजारो माणसं मेली, सगळं साम्राज्य हादरलं.

आणि त्यानंतर करबला, जिथे अलींचे पुत्र आणि पैगंबरांचे नातू हुसैन मारले गेले, ते बघितलं तर १० ऑक्टोबर ६८० हा एकच दिवस, एका बाजूला परंपरेनुसार ७२ माणसं, दुसऱ्या बाजूला हजारोंचं सैन्य, संध्याकाळच्या आत सगळं संपलं आणि मुआवियांचा मुलगा यझीद खलिफाच्या गादीवर होता तो गादीवरच राहिला. तरी शियांचं रडणं, प्रार्थना, राजकारण, सगळं तिथेच येऊन मिळतं. असं का? "हौतात्म्याला मोठा मान असतो" एवढ्या उत्तराने माझं समाधान होत नाही, कारण सिफ्फीनला अम्मार इब्न यासिर यांच्यासारखे म्हातारे, पैगंबरांच्या अगदी जवळचे सहकारीही मारले गेलेच की.

दुसरा प्रश्न पण आहे. इमामाला, म्हणजे पैगंबरांच्या घराण्यातल्या, अल्लाहने नेमलेल्या नेत्याला, पुढचं कळतं अशी श्रद्धा असेल तर हुसैन बायकापोरं घेऊन त्या वाटेला गेलेच कशाला? यावर त्यांच्यातल्याच विद्वानांनी काही विचार केलाय का?

जुनी_वही

चांगला धागा. मी पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो.

आधी हे लक्षात घ्या की ६८० पर्यंत "शिया" म्हणजे आज आपण समजतो तसा वेगळा पंथ नव्हता. अलींच्या घराण्याच्या बाजूने असलेली मंडळी होती, मुख्यतः कूफ्यात, आणि त्यांचा राग बराचसा राजकीय होता. शाम म्हणजे सीरियाच्या लोकांनी सत्ता पळवली, खजिना दमास्कसला गेला, मशिदीतून अलींना शिव्याशाप दिले जातात, असा तो राग होता. ६७१ च्या सुमारास हुज्र इब्न अदी यांनी या शिव्याशापांना उघड विरोध केला म्हणून मुआवियांनी त्यांना मारलं, तेव्हाही कूफा धुमसला पण उठला नाही. वेगळी नमाज, वेगळा कायदा, वेगळं धर्मशास्त्र असं अजून काही ठोस नव्हतं.

आता करबलाचं बघा. ६८० मध्ये मुआविया वारले, यझीदसाठी बैअत म्हणजे निष्ठेची शपथ मागितली गेली, हुसैन यांनी ती दिली नाही आणि मदीना सोडून मक्केला आले. तिथे कूफ्याहून पत्रांवर पत्रं, या, आम्हाला इमाम नाही, आम्ही तुमच्यासाठी उभे राहू. त्यांनी चुलतभाऊ मुस्लिम इब्न अकील यांना पुढे पाठवलं, हजारोंनी त्यांच्या हातावर शपथ घेतली, आणि मग उबैदुल्लाह इब्न झियाद गव्हर्नर म्हणून आला, त्याने धमक्या दिल्या, पैसे वाटले, टोळीप्रमुखांना फोडलं आणि बघता बघता मुस्लिम त्या शहरात एकटे पडले, रात्री थांबायला घर मिळेना अशी वेळ आली आणि शेवटी त्यांना मारलं गेलं. वाटेत फरझदक नावाचा कवी हुसैन यांना भेटला, त्याने सांगितलं की लोकांची मनं तुमच्याबरोबर आहेत पण तलवारी बनू उमय्यांबरोबर, म्हणजे यझीदच्या घराण्याबरोबर आहेत.

पुढे हुर्र इब्न यझीद हा सरदार हजार घोडेस्वार घेऊन त्यांना अडवायला आला. त्याची माणसं आणि घोडे उन्हाने तहानलेले होते, हुसैन यांनी आपल्याकडच्या पाण्यातून त्यांना पाजलं, घोड्यांनासुद्धा. हे नीट वाचा, कारण थोड्याच दिवसांत, ७ मुहर्रमपासून, याच लोकांच्या फौजेने फरात नदीचं पाणी त्यांच्या तंबूंना बंद केलं. आशुरा म्हणजे १० मुहर्रम, त्याच्या आदल्या रात्री हुसैन यांनी सोबत्यांना जवळ बोलावून सांगितलं की त्यांना फक्त मी हवाय, अंधार पडलाय, त्याचा फायदा घ्या आणि निघून जा, माझी तुमच्यावर कसलीही जबरदस्ती नाही. तबरी या जुन्या इतिहासकाराच्या ग्रंथात हा प्रसंग आहे. जवळचे सोबती गेले नाहीत. आणि सकाळी हुर्रच विरुद्ध फौजेतून घोडा काढून हुसैन यांच्याकडे आला आणि त्यांच्या बाजूने मेला.

म्हणजे सिफ्फीनमध्ये दोन सैन्यं होती, दोन दावे होते, मुसलमानांत वाद घालायला जागा होती. इथे ती जागाच उरली नाही. पैगंबरांचा नातू, त्याचे भाऊ, मुलं, पुतणे, तान्हं बाळ, आणि मारणारे पण स्वतःला त्याच पैगंबरांचे अनुयायी म्हणवणारे. सुन्नी मुसलमानांनाही हुसैन यांच्याबद्दल प्रचंड आदर आहे आणि यझीदचं कौतुक फार थोड्यांनी केलंय, हे विसरू नका.

पण माझ्या मते खरं वळण त्याच्यानंतरचं आहे. ज्यांनी पत्रं लिहून बोलावलं आणि मग दार लावून घरात बसले ते कूफ्याचे लोक या अपराधी भावनेने पोखरले गेले. सुलैमान इब्न सुरद या वयोवृद्ध माणसाच्या मागे ते एकत्र आले, स्वतःला तव्वाबून म्हणजे पश्चात्ताप करणारे म्हणवू लागले. नावं सोळा हजारांनी नोंदवली होती म्हणतात, निघताना चारएक हजारच आले. ते आधी करबलाला हुसैन यांच्या कबरीवर गेले, तिथे रडले, क्षमा मागितली आणि मग जानेवारी ६८५ मध्ये ऐन अल-वर्दाला सीरियन फौजेशी लढून जवळजवळ सगळे मेले. राज्य जिंकायची योजना अशी नव्हतीच, साथ दिली नाही त्याचं प्रायश्चित्त म्हणून मरायचं होतं. एका राजकीय गटाचं धार्मिक समाजात रूपांतर होताना मला सगळ्यात स्पष्ट दिसतं ते इथे. कबर, सामूहिक रडणं, पश्चात्ताप आणि निष्ठा हे सगळं पहिल्यांदा एका जागी आलं ते तेव्हा.

उलटतपासणी

जुनी_वही यांचा प्रतिसाद आवडला पण मला त्यात निम्मीच गोष्ट दिसते. करबलाने शियांना भावना दिली, ओळख दिली, हे मान्य. विचार मात्र त्याच्या आधी सिफ्फीनमध्ये सुरू झाला आणि त्याच्या नंतर मदीनेत शांतपणे बसून शिकवणाऱ्या इमामांनी तो घडवला, असं माझं ठाम मत आहे.

सिफ्फीनला काय झालं? लढाई अलींच्या बाजूने झुकतेय असं दिसल्यावर मुआवियांच्या सैनिकांनी भाल्यांच्या टोकांना कुराणाची पानं बांधून वर धरली, म्हणजे तलवार थांबवा आणि अल्लाहच्या ग्रंथाला निवाडा करू द्या. अलींच्याच फौजेतल्या मोठ्या गटाने लढायचं नाकारलं. लवाद नेमला, एका बाजूने अबू मूसा अल-अशअरी, दुसऱ्या बाजूने अम्र इब्न अल-आस, त्यातून काहीच धड निघालं नाही, आणि गंमत म्हणजे ज्यांनी अलींना लवादाला भाग पाडलं त्यांच्यातलेच काही "निवाडा फक्त अल्लाहचा" म्हणत बाहेर पडले, तेच खारिजी, आणि त्यांच्यातल्याच इब्न मुल्जमने पुढे अलींना मारलं.

त्या वेळचं अलींचं म्हणून जे उत्तर परंपरेत आलंय ते मला फार महत्त्वाचं वाटतं. कुराण हे दोन पुठ्ठ्यांमधल्या ओळी आहेत, ते स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने माणसंच बोलतात. आता यातून सरळ पुढचा प्रश्न येतो, मग बोलायचा अधिकार कोणाचा? शिया इमामतीचा सगळा डोलारा या एका प्रश्नावर उभा आहे. ग्रंथ आहे तर त्याचा अर्थ सांगणारा माणूसही अल्लाहने ठरवलेला हवा, तो चुकणारा नको, त्याचं ज्ञान वारशाने आलेलं हवं. गदीर खुम्मला पैगंबरांनी अलींबद्दल केलेली घोषणा शिया ज्या अर्थाने घेतात तो अर्थही या चौकटीत नीट बसतो.

आणि ही चौकट तयार केली ती हुसैन यांचे नातू मुहम्मद अल-बाकिर आणि त्यांचे चिरंजीव जाफर अल-सादिक यांनी. जाफर ७६५ मध्ये वारले, त्यांच्या हयातीत उमय्या कोसळले, अब्बासी आले, चारी बाजूंनी बंडं होत होती आणि त्यांनी त्यात उडी घेतली नाही. नस्स म्हणजे आधीच्या इमामाने पुढच्याची केलेली स्पष्ट नेमणूक, इल्म म्हणजे विशेष ज्ञान, तकिया म्हणजे जिवाला धोका असताना श्रद्धा झाकून ठेवणं, हे सगळं त्या काळात पक्कं झालं.

आता माझा मुद्दा. ७४० मध्ये हुसैन यांचे नातू झैद इब्न अली कूफ्यात उठले, परत तोच कूफा, परत तसाच दगा, परत तसाच शेवट. त्यांच्या मागे गेले ते झैदी, ज्यांच्या मते अली-फातिमाच्या वंशातला जो लायक माणूस अन्यायाविरुद्ध उघड उठेल तोच इमाम. येमेनमध्ये त्यांनी शेकडो वर्षं राज्य केलं. करबलामधून सरळ सरळ निघणारा विचार हा झैदींचा होता! तरी बहुसंख्य शिया झैदी झाले नाहीत, घरात बसून शिकवणाऱ्या इमामांच्या मागे गेले. हे केवळ करबलाने कसं समजावणार?

जुनी_वही

@उलटतपासणी, मुद्दा बिनतोड आहे, पण मी तो उलटा वाचतो. जाफर अल-सादिक बंडात पडले नाहीत ते करबला विसरून नव्हे, तर कूफ्याच्या पत्रांचं काय होतं ते त्या घराण्याने पाहिलं होतं म्हणून. हुसैन यांचे पुत्र अली झैन अल-आबिदीन आजारी होते म्हणून करबलात वाचले, त्यांनी उरलेलं आयुष्य मदीनेत प्रार्थनेत काढलं, मुख्तारने ६८५ मध्ये कूफ्यात हुसैन यांच्या सूडाच्या नावाने सत्ता घेतली तेव्हाही ते त्याचं नेतृत्व करायला गेले नाहीत. तलवार नको हा धडाही करबलाचाच. आणि बाकिर, जाफर यांनी बंडाऐवजी काय जोपासलं तर हुसैन यांचा शोक आणि कबरीची यात्रा. कुमैतसारख्या कवीने पैगंबरांच्या घराण्यावर कविता रचल्या त्याच काळातल्या. सत्ता हातात नसताना समाज टिकवायचा तर काहीतरी दरवर्षी सगळ्यांनी मिळून करायला लागतं.

पानगळ

दोघांचेही आभार, बरंच उलगडलं. पण मग हुसैन यांचे थोरले भाऊ हसन यांचं काय? त्यांनी ६६१ मध्ये मुआवियांशी तह करून खिलाफत सोडली, आणि त्यांच्याच सख्ख्या धाकट्या भावाने यझीदला नकार देऊन जीव दिला. दोघंही न चुकणारे इमाम असतील तर दोन उलट गोष्टी बरोबर कशा? आणि माझा दुसरा प्रश्न राहिलाच, आधी माहीत होतं की नव्हतं?

खडीसाखर

हसन-हुसैन याबद्दल शियांचं उत्तर असं की इमामाचं काम एकच, धर्म वाचवणं, आणि मार्ग परिस्थिती ठरवते. हसन यांच्याकडे फुटलेली फौज होती, समोर मुआविया, जे निदान वरवर तरी सगळं सांभाळून चालत होते. लढले असते तर उरलेसुरले अनुयायी पण गेले असते. स्वतः हुसैन मुआविया जिवंत असेपर्यंत त्या तहाला धरून राहिले, हसन वारल्यावरही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. यझीदला शपथ देणं म्हणजे मात्र खिलाफत बापाकडून मुलाकडे जाणारी मालमत्ता झाली याला पैगंबरांच्या घरातून मान्यता देणं.

दुसऱ्या प्रश्नावर त्यांच्यात खरोखर जोरदार वाद झालेत आणि मला हा भाग सगळ्यात जिवंत वाटतो. बगदादचे शरीफ अल-मुर्तझा (निधन १०४४) हे बुद्धिवादी धर्मशास्त्री, त्यांनी जवळपास एखाद्या वकिलासारखी मांडणी केली. पत्रं आली होती, शपथा झाल्या होत्या, यश मिळेल असं मानायला सबळ कारण होतं, म्हणून हुसैन निघाले, आणि बाजू उलटल्यावर त्यांनी परत जायची तयारीही दाखवली, ती नाकारली गेली. कारण जाणूनबुजून मरणाच्या तोंडी जाणं धर्मातच निषिद्ध, मग इमाम ते कसं करेल? दोनेकशे वर्षांनी इब्न ताऊस (निधन १२६६) यांचा सूर पूर्ण वेगळा. त्यांच्या मते सगळं ठाऊक होतं, आणि अल्लाहच्या प्रेमात असलेल्याला असं मरण म्हणजे मोठं भाग्य, आज्ञा नसती तर आपण शोकाऐवजी आनंद केला असता. सामान्य श्रद्धाळूंच्या मनात हीच दुसरी बाजू जास्त मुरली, त्यात मध्यस्थीची कल्पनाही आली, म्हणजे हुसैन यांनी जे सोसलं त्यामुळे त्यांच्यासाठी रडणाऱ्याची ते न्यायाच्या दिवशी रदबदली करतील.

विसाव्या शतकात इराणमध्ये हा वाद परत पेटला. सालेही नजफाबादी या मौलवींनी पुस्तक लिहून म्हटलं की हुसैन यांचा हेतू सरकार स्थापन करायचा होता, मरायचा नव्हता, त्यावरून केवढा गदारोळ झाला. उघड आहे, कारण हुसैन मरायला गेले असतील तर आपण रडायचं, आणि अन्यायी सत्ता उलथायला गेले असतील तर आपणही काहीतरी करायला हवं. अली शरीअती या इराणी विचारवंतांनी नेमकं इथेच बोट ठेवलं, शोकाचा काळा शियापंथ आणि हौतात्म्याचा लाल शियापंथ असा भेद करून. डिसेंबर १९७८ मध्ये तासुआ (९ मुहर्रम) आणि आशुरा या दोन दिवशी तेहरानच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले, शाहला यझीद म्हटलं गेलं, पुढच्या महिन्यात शाह देश सोडून गेला. हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्रार्थाला असं तोंड फुटलं.

उंबरठा

सगळे इमाम, फकीह म्हणजे कायदेपंडित आणि लढाया यावर बोलतायत, झैनबचं नावच कोणी घेतलं नाही याचं वाईट वाटलं.

करबला संपल्यावर जे उरलं ते बायका, मुलं आणि एक आजारी तरुण. त्यांना कैदी करून आधी कूफ्याला, मग दमास्कसला नेलं, सोबत भाल्यांवर डोकी. हुसैन यांची बहीण झैनब कूफ्याच्या रस्त्यात रडणाऱ्या लोकांना बोलल्या की आता रडताय? रडाच, तुमचे अश्रू कधी थांबू नयेत. इब्न झियादने दरबारात विचारलं की अल्लाहने तुझ्या भावाचं काय केलं पाहिलंस ना, तर शिया परंपरेत त्यांचं उत्तर असं आहे की मला सुंदरच दिसलं. यझीदच्या दरबारातलं त्यांचं भाषण आजही मजलिशीत म्हणजे शोकसभेत जसंच्या तसं सांगितलं जातं. त्या बोलल्या नसत्या तर वाळवंटात एक बंडखोर टोळी मारली गेली एवढीच सरकारी बातमी उरली असती. शिया बायकांची मजलिस बायकाच चालवतात, सांगणारीही बाईच, आणि तिथे झैनब ही फक्त दुःखी बहीण नसते, सत्तेच्या तोंडावर बोललेली बाई असते. हा विचारच आहे, नुसती भावना नव्हे, त्यामुळे @उलटतपासणी यांनी भावना आणि विचार असे जे दोन कप्पे केलेत तेच मला पटत नाहीत.

एक साधी वस्तू घ्या. शिया नमाजात कपाळ टेकवायला मातीची छोटी वडी समोर ठेवतात, तळहातात मावेल एवढी, कधी गोल, कधी चौकोनी, बऱ्याचदा वर अक्षरं उमटवलेली, आणि ती करबलाची माती असेल तर सर्वात उत्तम. नियम एवढाच की सजदा माती किंवा जमिनीतून आलेल्या, पण खाण्यात वा कपड्यात न येणाऱ्या वस्तूवर करावा. हा झाला शुद्ध फिक्ह म्हणजे कायदा. पण रोज प्रत्येक नमाजात कपाळ जिथे टेकतं ती माती कुठली हे त्या माणसाला ठाऊक असतं. कायदा, श्रद्धा, इतिहास, यातलं काय कुठे संपतं सांगा बरं.

आणि सत्तेलाही याची ताकद कळत होती. ८५० च्या सुमारास अब्बासी खलिफा मुतवक्किलने हुसैन यांची कबर पाडून तिथे नांगर फिरवायला आणि पाणी सोडायला लावलं, यात्रा बंद केली. शतकभरानंतर बगदादमध्ये शिया झुकावाचे बुवैही आले, तेव्हा ९६३ मध्ये मुइझ अल-दौलाने आशुराला बाजार बंद ठेवायचा हुकूम काढला आणि बायका केस मोकळे सोडून शोक करत रस्त्यावर आल्या. १५०१ मध्ये इराणमध्ये सफवी आले आणि शिया पंथ राज्याचा झाला, मग रौजाखानी म्हणजे करबलाची शोककथा सांगणं, मिरवणुका, पुढे ताझिये म्हणजे करबलाची शोकनाट्यं, हे सगळं बहरलं. सद्दामच्या राजवटीत अरबईनची, म्हणजे आशुरानंतरच्या चाळिसाव्या दिवसाची पायी यात्रा दडपली, १९७७ मध्ये नजफहून निघालेल्या यात्रेकरूंवर लष्कर सोडलं. २००३ नंतर तीच नजफ ते करबला वाट, साधारण ८० किलोमीटर, दरवर्षी लाखो लोक चालतात, वाटेत लोक मौकिब म्हणजे सेवेचे तंबू लावून फुकट जेवण देतात, पाय चेपून देतात, आणि पाणी तर सगळ्यात आधी पुढे करतात. पाणी का, ते वरचा जुनी_वही यांचा प्रतिसाद वाचला की कळेल.

उलटतपासणी

@उंबरठा मातीच्या वडीचा मुद्दा मान्य, तिथे माझे कप्पे खरंच टिकत नाहीत. फक्त एक भर घालतो, शोक कसा करावा यावरही त्यांच्यात एकमत नाही. डोक्यावर वार करून रक्त काढण्याला, म्हणजे ततबीरला, मुहसिन अल-अमीन या मोठ्या आलिमांनी १९२० च्या दशकात कडाडून विरोध केला, तेव्हा त्यांच्यावर जबर टीका झाली. १९९४ मध्ये इराणच्या खामेनेईंनीही तो प्रकार निषिद्ध ठरवला. काही मराजा म्हणजे सर्वात वरचे धर्मगुरू आजही त्याला परवानगी देतात. म्हणजे करबलाचा अर्थ काय हा वाद अजून संपलेला नाही, फक्त आता तो शरीरावर, रस्त्यावर चालतो.

पानगळ

झैनबबद्दल वाचून फार बरं वाटलं, मी वाचत असलेल्या पुस्तकात त्यांना जेमतेम दोन ओळी आहेत. एक शेवटचं विचारते, हे सगळे प्रसंग, घोड्यांना पाणी पाजणं, रात्रीचं बोलणं, हे आपल्यापर्यंत आलं कोणाकडून? शियांनीच नंतर रचलं असा आक्षेप कोणी घेतला तर?

जुनी_वही

मुख्य धागा अबू मिख्नफ यांचा. कूफ्याचेच, ७७४ च्या सुमारास वारले, म्हणजे घटनेनंतर दोनतीन पिढ्या. त्यांनी प्रत्येक प्रसंगाला कोणी कोणाकडून ऐकलं ती साखळी दिलीये आणि त्यात बऱ्याच ठिकाणी साक्षीदार विरुद्ध फौजेतले आहेत, हुमैद इब्न मुस्लिम हा त्यातला नेहमी येणारा माणूस. त्यांचं मूळ पुस्तक स्वतंत्रपणे टिकलं नाही, पण ९२३ मध्ये वारलेल्या तबरींनी आपल्या इतिहासात त्यातलं भरपूर घेतलं, आणि तबरी सुन्नी होते. त्यामुळे हुर्रच्या घोड्यांना पाणी पाजल्याची गोष्ट आज कोणी वाचतं ती शियांच्या शोकग्रंथातूनच वाचायला हवी असं नाही. नंतरच्या काळात भर पडली ती बरीचशी रौजाखानांच्या तोंडून, हुसैन यांचा पुतण्या कासिम याचं रणात लागलेलं लग्न वगैरे, आणि त्यावर शिया आलिमांनीच टीका केलेली आहे.